हृदयातील यंत्राची उणीव : सांगावी कोणाला, आणि कधी?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ चर्चच्या पायऱ्यांशी आमची वाट पाहत थांबले होते. निवृत्तीपूर्वी ते रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर होते. यंत्रांशी त्यांचा जन्मभराचा संबंध. काही वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत पेसमेकर बसविण्यात आला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले पेसमेकरचे ओळखपत्र त्यांनी खिशातून काढले आणि कोणीतरी मोबाइलवर पाठविलेला एक संदेश आमच्यापुढे धरला. पेसमेकर दुरून बंद पाडता येतात, अशा आशयाचा तो होता. “फादर, हे खरं आहे का हो?” त्यांनी विचारले. “काका, असल्या संदेशांवर विश्वास ठेवू नका,” असे नेहमीचे उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “पण खोटं आहे, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्हांला ठाऊकच नव्हते. पुढे काही आठवडे या विषयाचे जे वाचन केले, त्यातून एक प्रकरण समोर आले. ते घडले अमेरिकेत, २०१६ साली. पण त्यातील नीतीचा प्रश्न आजही जसाच्या तसा उभा आहे आणि आपल्या घराघरांत शिरलेल्या प्रत्येक ‘स्मार्ट’ वस्तूला तो लागू पडतो. वस्तूतील धोकादायक उणीव ज्याला सापडली, त्याने ती कोणाला सांगावी? उत्पादकाला गुपचूप, की सगळ्या जगाला चव्हाट्यावर? आणि सांगितल्याचा मोबदला घ्यावा का?

प्रथम यंत्राविषयी दोन शब्द. पेसमेकर हे गळ्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसविलेले छोटेसे यंत्र असते. त्याच्या तारा हृदयापर्यंत जातात. ठोके मंदावले की ते विजेचा सूक्ष्म स्पंद देते. डिफिब्रिलेटर नावाचे त्याचे थोरले भावंड हृदयाची लय घातक रीतीने बिघडल्यास जोराचा झटका देऊन ती पूर्ववत करते. पूर्वी अशा यंत्राची विचारपूस करण्यासाठी रुग्णाला रुग्णालय गाठावे लागे. आता यंत्राला रेडिओ असतो. रुग्णाच्या पलंगाशेजारी ठेवलेली एक डबी रात्री त्याच्याशी ‘बोलते’ आणि मिळालेली माहिती दूरध्वनीच्या जाळ्यावरून डॉक्टरांकडे पाठविते. बॅटरी उतरू लागली, लय बिघडली, तर वेळीच कळते. ही सोय लहान नाही. तिच्यामुळे माणसे वाचली आहेत. परंतु डॉक्टरांसाठी ठेवलेल्या दाराने दुसरा कोणी आत येणार नाही, एवढी तरी खात्री हवी.

ती खात्री नाही, हे २००८ मध्येच स्पष्ट झाले होते. अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या संगणकतज्ज्ञांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने, मेडट्रॉनिक कंपनीचा एक डिफिब्रिलेटर प्रयोगशाळेत ठेवून दाखविले की, त्याच्याशी परवानगीवाचून संवाद साधता येतो, रुग्णाची माहिती वाचता येते आणि झटका देण्याचा हुकूमही सोडता येतो. यंत्र कोणाच्या छातीत नव्हते, आणि हे सारे अगदी जवळून करावे लागत होते. त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. मात्र हल्ल्याची कृती त्यातून मुद्दाम वगळली. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले की, २००७ साली त्यांच्या डिफिब्रिलेटरची बिनतारी सोय डॉक्टरांनी बंदच करून टाकली होती. उपराष्ट्राध्यक्षांच्या डॉक्टरांना जी शंका आली, ती सामान्य रुग्णाला कोणी बोलून दाखविली असेल, असे आम्हांला वाटत नाही.

आता मुख्य प्रकरण. सेंट ज्यूड मेडिकल ही पेसमेकर बनविणारी एक मोठी अमेरिकी कंपनी होती. (अशक्य वाटणाऱ्या संकटात ज्यांच्या मध्यस्थीची याचना आपले भाविक करतात, त्या संताचे नाव तिने धारण केले होते, हे आमच्या वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही.) एप्रिल २०१६ मध्ये ॲबट या औषध कंपनीने तिला सुमारे २५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला होता. त्याच सुमारास मेडसेक नावाच्या छोट्या सुरक्षा-संशोधन संस्थेने सेंट ज्यूडच्या यंत्रांची तपासणी केली. पलंगाशेजारच्या त्या डबीच्या मार्गाने छातीतील यंत्राची बॅटरी वेगाने उतरविता येते, किंवा त्याचे काम बिघडविता येते, असा निष्कर्ष मेडसेकने काढला.

इथवर काही वावगे नाही. वावगे पुढे आहे. मेडसेक ही माहिती घेऊन कंपनीकडे गेली नाही. ती गेली मडी वॉटर्स या गुंतवणूक संस्थेकडे. कंपन्यांची बिंगे फोडायची आणि तत्पूर्वी त्यांच्या समभागांत मंदीचा सौदा करून ठेवायचा, हा या संस्थेचा ख्यातनाम व्यवसाय. शेअरबाजारात मंदीवाला उसने घेतलेले समभाग आधी विकतो आणि भाव कोसळल्यावर स्वस्तात घेऊन परत करतो. मधला फरक त्याचा नफा. २५ ऑगस्ट २०१६ रोजी मडी वॉटर्सने सेंट ज्यूडची यंत्रे असुरक्षित असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. दिवसअखेर समभाग सुमारे पाच टक्के घसरला. सौद्याच्या यशावर मेडसेकचा मोबदला अवलंबून होता, हे त्या दोघांनीही लपविले नाही.

म्हणजे काय झाले पाहा. एका बाजूस रुग्णांच्या छातीतील यंत्राविषयीची भीती, आणि दुसऱ्या बाजूस त्या भीतीवर लावलेला पैसा. जेवढी भीती अधिक, तेवढी कमाई अधिक. अशा माणसाने सांगितलेले सत्य सत्य असले, तरी ते किती मापाने सांगितले गेले असेल, याची शंका ऐकणाऱ्याच्या मनात राहणारच. आणि ती राहिली. अहवालानंतर अवघ्या पाच दिवसांत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले की, यंत्र ‘कोसळल्याचा’ पुरावा म्हणून दाखविलेली पडद्यावरील चिन्हे, हृदयाला न जोडलेले यंत्र नुसते टेबलावर ठेवले तरीही दिसतात. दावा खोटा आहे, असे ते म्हणाले नाहीत. पुरावा पुरेसा नाही, एवढेच म्हणाले. सेंट ज्यूडने सप्टेंबरात बदनामीचा दावा ठोकला. ऑक्टोबरात प्रतिवादींनी नेमलेल्या बिशप फॉक्स या तज्ज्ञ संस्थेने मूळ निष्कर्षांना दुजोरा दिला. वकील, तज्ज्ञ आणि दलाल यांचा हा सामना महिनोन्‌महिने रंगला.

आणि रुग्ण? त्याला दोन सल्ले मिळाले. मडी वॉटर्सच्या बाजूच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने सांगितले, घरची डबी बंद करून ठेवा. कंपनीने आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितले, डबी चालूच ठेवा. सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजीने कोणाचे ऐकावे? तिच्यापाशी ना प्रयोगशाळा, ना समभाग. याच काळात, ११ ऑक्टोबर २०१६ रोजी, त्याच कंपनीच्या जगभरातील सुमारे चार लाख डिफिब्रिलेटरांविषयी एक वेगळाच इशारा प्रसिद्ध झाला. त्यांच्या बॅटऱ्या अचानक, वेळेआधी उतरत होत्या आणि दोन मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला होता. हा दोष हॅकिंगचा नव्हता, बॅटरीच्या आतील लिथियमचा होता. त्याची पूर्वसूचना देण्यात ज्या साधनाची मदत होणार होती, ते साधन म्हणजे पलंगाशेजारची तीच डबी. ऑगस्टात घाबरून जिने ती बंद केली असेल, तिने आपल्या घराचा एक पहारेकरी स्वतःच्या हाताने रजेवर पाठविला.

कल्पनेतील चोराची भीती घालताना खऱ्या आजाराचे दार उघडे राहू शकते, आणि ते दार कोणासाठी उघडे राहील, हे भीती घालणाऱ्याला माहीत नसते. म्हणून उघडपणे बोलण्याच्या पद्धतीला आम्ही एवढे महत्त्व देतो.

परंतु केवळ मंदीवाल्यांना दोष देऊन थांबणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे होईल. बोलणाऱ्याचा स्वार्थ होता, म्हणून त्याने बोलूच नये, असे म्हणता येते का? हा वाद विजेच्या यंत्रांहून पुष्कळ जुना आहे. १८५१ साली लंडनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या वेळी हॉब्ज नावाचा एक अमेरिकी कुलूपतज्ज्ञ तेथे आला. चब कंपनीचे अभेद्य म्हणून गाजलेले कुलूप त्याने पंचवीस मिनिटांत उघडले. ब्रामा यांचे कुलूप तर त्यांच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून, उघडणाऱ्यास २०० गिनींच्या बक्षिसासह मांडून ठेवलेले होते. तेही त्याने सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खटपट करून उघडले. इंग्लंडमध्ये हलकल्लोळ झाला. असे जाहीरपणे दाखविणे म्हणजे चोरांना शिकविणे नव्हे काय, असा प्रश्न सभ्य लोक विचारू लागले. हॉब्जच्या पक्षाचे उत्तर असे की, चोराला त्याचा धंदा आपल्याहून चांगला कळतो. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. आता ही गंमत पाहा : हॉब्ज काही साधुसंत नव्हता. तो न्यूयॉर्कच्या एका कंपनीचे कुलूप विकायलाच आला होता. तरीही त्याच्या त्या खटाटोपानंतर कुलपे सुधारली.

याच्या उलट उदाहरण सायकलच्या कुलपाचे. २००४ मध्ये अमेरिकेत असे उघडकीस आले की, क्रिप्टोनाइट कंपनीची महागडी, गोल किल्लीची कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात. बॉलपेनने कुलूप उघडतानाची चित्रफीत इंटरनेटवर फिरली, ग्राहक खवळले आणि कंपनीला कुलपे मोफत बदलून द्यावी लागली. पण त्या जातीच्या कुलपांची ही युक्ती १९९२ मध्येच ब्रिटनच्या एका सायकल मासिकात छापून आली होती. मधली बारा वर्षे ती चोरांच्या कामास आली असेल. ग्राहकाच्या मात्र काहीच कामी आली नाही. कुजबुजीने उत्पादक जागे होत नाहीत, असा याचा अर्थ घेणाऱ्यांना आम्ही चूक म्हणणार नाही.

तथापि कुलूप आणि पेसमेकर यांत एक मोठा भेद आहे. कुलूप फसवे आहे असे सकाळी कळले, तर संध्याकाळी बाजारातून दुसरे आणता येते. छातीतील यंत्र असे बदलता येत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया हवी, आणि शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा, क्वचित जिवाचाही धोका. दोष कळूनही ज्याला काही करता येत नाही, त्याला तो सांगणे म्हणजे त्याच्या पदरात निव्वळ चिंता टाकणे. म्हणूनच गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या क्षेत्रातील सज्जनांनी एक रीत पाडली आहे. उणीव आधी उत्पादकाला सांगावी, दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्यावी, आणि दुरुस्ती हाती आल्यावर, किंवा मुदत संपल्यावर, ती जाहीर करावी. गूगल कंपनीच्या प्रोजेक्ट झीरो या गटाने २०१४ पासून ही मुदत नव्वद दिवसांची धरली आणि ती बऱ्याच जणांना मापदंडासारखी झाली. मुदतीला दोन टोके आहेत हे लक्षात घ्यावे. उत्पादकाला ती उसंत देते. आणि उत्पादक झोपून राहिला, तर जाग आणण्याचा हक्कही संशोधकाकडे राखून ठेवते. मुदतीशिवाय दिलेले गुपित बहुधा कपाटात जाऊन पडते.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आठव्या आज्ञेच्या अभ्यासात आम्हांला जे शिकविले गेले, ते येथे आठवल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्याचा खरा दोषही सबळ कारणावाचून चारचौघांत सांगू नये. आणि विश्वासाने मिळालेले गुपितही, त्यामुळे तिसऱ्या कोणाचे गंभीर नुकसान होणार असेल आणि ते टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल, तर धरून बसता येत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील, आधी एकांतात, मग दोघातिघांसमक्ष आणि शेवटी मंडळीपुढे, हा चुकलेल्या बंधूला समजावण्याचा क्रमही वाचकांच्या परिचयाचा आहे. संगणकतज्ज्ञांनी तो बायबलमधून घेतला असे आम्ही म्हणत नाही. अनुभवाने ते त्याच पायरीशी आले, एवढे खरे. मेडसेकने पहिली पायरी गाळली, आणि गाळण्याचे कारण म्हणून सांगितले की, कंपनीला आधी कळविले असते, तर तिने प्रकरण दडपले असते. हा आरोप ऐकताना सोयीचा वाटतो. दुर्दैव असे की, तो अगदीच निराधारही निघाला नाही.

कारण जानेवारी २०१७ मध्ये, ॲबटने सेंट ज्यूड ताब्यात घेतल्यानंतर काही दिवसांतच, अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने उणीव खरी असल्याचे मान्य केले आणि घरच्या डबीसाठी दुरुस्ती जाहीर झाली. तोवर कोणा रुग्णाला यातून इजा झाल्याची नोंद नव्हती. हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि १२ एप्रिल २०१७ रोजी त्याच प्रशासनाने कंपनीला धाडलेल्या इशारापत्रात असे आढळते की, कंपनीने स्वतःच नेमलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी एप्रिल २०१४ मध्येच सुरक्षेच्या या धोक्यांकडे बोट दाखविले होते. यंत्रे उघडणारा एकच सार्वत्रिक संकेत त्यांच्या आत कायमचा लिहून ठेवलेला आहे, हाही त्यातलाच एक. त्या निष्कर्षांना कंपनीच्या पुढील जोखीम-मूल्यमापनात योग्य ते स्थान मिळाले नव्हते. बॅटरीच्या दोषाबाबतही तशीच कथा : झालेल्या मृत्यूची माहिती व्यवस्थापनापुढे ठेवलेल्या सादरीकरणातून वगळली गेली होती, असे त्याच पत्रात म्हटले आहे. बॅटरीच्या प्रकरणात २०२१ साली, दायित्व सिद्ध न होता, दोन कोटी सत्तर लाख डॉलरची तडजोड झाली.

तेव्हा मंदीवाल्यांनी बोलण्याआधी दोन वर्षे, जबाबदारी ज्यांची होती त्यांच्या कागदपत्रांत ती उणीव पडून होती. पहिली पायरी, म्हणजे एकांतात सांगण्याची, कोणीतरी आधीच चढून गेले होते. वर दार उघडायला कोणी नव्हते. आमचे मत विचाराल तर मेडसेकने मंदीवाल्याशी भागीदारी करणे अयोग्यच होते. सरकारी यंत्रणेकडे जाण्याचा मार्ग तिला मोकळा होता, आणि भीतीवर नफा घेणाऱ्याने रुग्णाचा कैवार सांगू नये. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कंपनीचे मौन टाकले, तर आम्हांला ते अधिक जड वाटते. बोलणाऱ्याचा लोभ निदान सर्वांना दिसत होता. मौनाचा लोभ कोणाला दिसत नाही. तो ताळेबंदात ‘खर्च वाचला’ एवढाच उमटतो. कंपनीच्या बाजूचे लोक म्हणतील की, वैद्यकीय यंत्रातील प्रत्येक बदलाची कसून चाचणी करावी लागते, ती घाईने होत नाही. मान्य. पण उशीर वेगळा आणि नोंदच न घेणे वेगळे.

दुरुस्तीचीही एक गोष्ट आहे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी पेसमेकरच्या आतील सॉफ्टवेअर बदलण्यास मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. एकट्या अमेरिकेत अशी यंत्रे छातीत असलेली सुमारे ४,६५,००० माणसे होती. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. डॉक्टरांकडे जाऊन तीनएक मिनिटे बसायचे होते. पण बदल करताना यंत्र पूर्णपणे निकामी होण्याची शक्यता कंपनीच्या पूर्वानुभवाच्या आधारे ०.००३ टक्के सांगण्यात आली. म्हणजे लाखात तीन. आकडा क्षुल्लक आहे, हे खरे. परंतु न घडलेल्या हल्ल्याच्या भीतीने मोजून सांगितलेला धोका पत्करायचा की नाही, हा निर्णय रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून घ्यावा, असे प्रशासनाने सुचविले. ज्याचे हृदय सर्वस्वी पेसमेकरवरच चालते, त्याच्यासाठी आणीबाणीची तयारी असलेल्या ठिकाणीच हे करण्याचा विचार व्हावा, असेही सांगितले. या साऱ्या प्रकरणात रुग्णाला समोर बसवून, त्याला कळेल अशा शब्दांत सगळे सांगा, अशी अपेक्षा आम्हांला ठळकपणे दिसते ती येथे. आणि तोवर अहवालास एक वर्ष उलटले होते.

त्यानंतर कायदा पुढे सरकला आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेल्या कायद्यान्वये, २९ मार्च २०२३ पासून, जाळ्याला जोडले जाणारे वैद्यकीय उपकरण मान्यतेसाठी सादर करताना, सापडलेल्या उणिवा कशा स्वीकारणार, कशा दुरुस्त करणार आणि कशा जाहीर करणार, याची योजना उत्पादकाने द्यावी लागते. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. वैद्यकीय उपकरणांना वेगळा कायदा असल्याने ती त्यात येत नाहीत. पण घरातील कॅमेरे, खेळणी, राउटर अशा असंख्य वस्तू येतात. ज्या उणिवेचा गैरवापर सुरू झाला आहे, तिची पहिली सूचना उत्पादकाने २४ तासांत अधिकाऱ्यांना द्यावी, ही तरतूद ११ सप्टेंबर २०२६ पासून लागू होण्याचे ठरलेले आहे. दुरुस्त न झालेल्या उणिवांची यादी सरकारांच्या हाती जाणे स्वतःच धोक्याचे आहे, असा आक्षेप अनेक सुरक्षातज्ज्ञांनी कायदा होण्यापूर्वीच घेतला होता. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. गुपित ठेवणारे हात वाढले की ते निसटण्याच्या वाटाही वाढतात.

आपल्या देशात चित्र मिश्र आहे. उणिवा कळविण्यासाठी सर्ट-इन ही केंद्र सरकारची यंत्रणा २००४ पासून आहे आणि ती संशोधक व उत्पादक यांच्यात मध्यस्थी करते. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया २०१५ पासून चालू आहे. त्याकडे सामान्य रुग्णही तक्रार करू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. दुसरीकडे, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकयंत्रणेत शिरणारा नुकसानभरपाईस पात्र ठरतो; आणि तेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असेल, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सद्‌हेतूने उणीव शोधणाऱ्याला स्पष्ट संरक्षण देणारे कलम या कायद्यात नाही. हेतू शुद्ध होता, हे सिद्ध करण्याची धावपळ त्याच्याच माथी येते. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली आज संगणक सुरक्षेचे शिक्षण घेत आहेत, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी करीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला उद्या असे काही सापडले, तर लेखी, तारीखवार आणि योग्य यंत्रणेमार्फत कळवा. प्रयोग आपल्या स्वतःच्या वस्तूवर करा, दुसऱ्याच्या चालू यंत्रावर नको. आणि उत्तर आले नाही म्हणून चिडून समाजमाध्यमांवर कृती टाकू नका, एवढे आम्ही वडीलकीच्या नात्याने सांगू.

काकांकडे आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्यांना जे समजले होते ते सारे सांगितले. त्यांचे यंत्र त्या कंपनीचे नव्हते. पण तो प्रश्न केवळ त्या एका कंपनीपुरता नाही, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. यंत्रात बिघाड असू शकतो याचे त्या जुन्या फिटरला नवल वाटले नाही. बिघाड ठाऊक असून गाडी सोडली, याचे वाटले. पुढच्या तपासणीला ते गेले, तेव्हा तंत्रज्ञाला त्यांनी विचारले की, आपल्या यंत्रात सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती आहे आणि तिला काही दुरुस्ती आलेली आहे का. हे आजवर कोणी विचारले नव्हते, असे तो तरुण म्हणाला. मग त्याने पडद्यावर शोधले, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली, आणि दुरुस्तीविषयी कंपनीला विचारून कळवितो म्हणाला. ती चिठ्ठी आता त्या प्लास्टिकच्या पिशवीत ओळखपत्राच्या मागे आहे. कंपनीचे उत्तर अजून यायचे आहे.